स्वतः वाचून पाहणारी पंडिता

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे केडगावचे मुक्ती सदन उभे राहते. दुष्काळातून आणलेल्या शेकडो विधवा व अनाथ मुली, १९०५ सालचे संजीवन, पांढऱ्या वस्त्रातील ती शांत, ठेंगणी मूर्ती. मंडळीच्या उपासनेत, महिला संघाच्या सभेत, शब्बाथ शाळेच्या वर्गात आपण याच रमाबाई पुनःपुन्हा ऐकत आलो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि जो भाग गळला आहे तो सहजासहजी गळलेला नाही, असे मला वाटते.

१९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील बराचसा भाग इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला आहे. या पत्रांतील रमाबाई आपल्या परिचयाच्या नाहीत. त्या वाद घालतात, पुरावा मागतात, बिशपांचे म्हणणे खोडून काढतात, आणि जे पटले नाही त्यावर होकाराची मान हलवण्याचे साफ नाकारतात. तेव्हा त्यांचे वय पंचविशी-सत्ताविशीचे होते. परका देश, वैधव्य, पदरी तान्ही मुलगी, आणि अन्नवस्त्रासाठी ज्यांच्यावर अवलंबून राहायचे त्यांच्याशीच हा वाद. शिवाय बाप्तिस्मा घेऊन जेमतेम दोन वर्षे झालेली.

ही वृत्ती आली कोठून, हे पाहायचे तर त्यांच्या जन्माच्याही मागे जावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री यांच्याकडे अध्ययन करीत होते. हे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री शुद्ध संस्कृत श्लोक म्हणते आहे हे तरुण अनंतशास्त्र्यांनी ऐकले आणि आपल्याही पत्नीला शिकवायचे असे मनात घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधापुढे काही चालले नाही. पुढे प्रौढ वयात गोदावरीच्या काठी त्यांचा दुसरा विवाह नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी झाला, तेव्हा मात्र त्यांनी हट्ट पुरा केला. बायकोला देवभाषा शिकवणारा हा कोण, म्हणून कुजबूज झाली, बोलावणे आले, आणि उडुपीला शास्त्रीमंडळींपुढे त्यांना आपल्या वर्तनाचा जाब द्यावा लागला. अनंतशास्त्र्यांनी परंपरेला लाथ मारली नाही. त्यांनी ग्रंथ उघडले, वचने गोळा केली, आणि स्त्रीने संस्कृत शिकणे शास्त्रविरुद्ध नाही हे शास्त्रातूनच दाखवून दिले. शास्त्रीमंडळींना ते मान्य करावे लागले.

मुलीने वडिलांकडून घेतले ते हे. समाज एक सांगतो, ग्रंथ काय सांगतो ते उघडून पाहा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. तुंगा आणि भद्रा या नद्या ज्या डोंगरात उगम पावतात तेथे अनंतशास्त्र्यांनी आश्रम थाटला होता. मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, आणि ही मुलगी वेताच्या पेटाऱ्यात बसून, गड्याच्या डोक्यावरून डोंगर उतरली. वडील थकलेले, म्हणून शिक्षण आईने दिले. पहाटे पाखरे जागी होण्याच्या आधी लक्ष्मीबाई लेकीला उठवून मांडीवर घेत आणि श्लोक पाठ करून घेत. भागवत पाठ झाले, व्याकरण झाले, कोश झाला. वेद मात्र नाहीत. अनंतशास्त्री कितीही पुढे गेले तरी ती रेघ त्यांनी ओलांडली नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी केली: थोरल्या मुलीच्या लहानपणीच्या विवाहाचे वाईट फळ पाहून धाकटीचे लग्न लवकर उरकण्याचे त्यांनी नाकारले.

पुराण सांगत, दक्षिणा घेत, तीर्थामागून तीर्थ करीत हे कुटुंब वर्षानुवर्षे हिंडले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा पुंजी दानधर्मात व ब्राह्मणभोजनात संपली होती. कष्टाचे काम करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. आधी वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. आईच्या अंत्ययात्रेला पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी धरली, आणि उंची कमी म्हणून ती खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली. मागे राहिले ते त्या आणि बंधू श्रीनिवासशास्त्री. दोघे पायी काश्मीरपर्यंत गेले. झेलमच्या काठी थंडी इतकी होती आणि पांघरूण इतके थोडे, की वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या.

या भ्रमंतीतली एक हकीकत रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिली आहे. हिमालयातील एका तीर्थावर एक तळे होते, आणि त्यात तरंगते पर्वत होते. पापरहित यात्रेकरूने प्रार्थना केली की पर्वत त्याच्याकडे सरकत येतात, असे पुजारी सांगत. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असेही सांगत. एके दिवशी भल्या पहाटे, कोणी जवळ नाही असे पाहून श्रीनिवासशास्त्र्यांनी पाण्यात उडी घेतली व पोहत पर्वतांपर्यंत गेले. तो पर्वत म्हणजे लाकडी तराफ्यावर रचलेली माती, आणि त्यावर लावलेली झाडे. मागे बसून तो ढकलायला माणूस लागे.

ही गोष्ट सांगून आपण ख्रिस्ती लोकांनी गालातल्या गालात हसावे, असे मात्र नाही. तळ्याकाठी उभ्या असलेल्या त्या मुलीने जे पाहिले ते पुढे तिने आपल्या नव्या घरातही विसरायचे नाकारले, हे आता दिसेल.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सभा झाल्या, सत्कार झाले. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रातील स्त्रीधर्मावर व्याख्याने द्या, अशी विनंती झाली, म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे वाचायला घेतली. घाव बसला तो येथे. हे ग्रंथ एकमेकांशी शेकडो बाबतींत भांडतात, परंतु स्त्री आणि शूद्र यांच्या हीनपणाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदांची एक प्रत दिली आणि वाचा म्हणाले. ज्या ग्रंथाला हात लावणे स्त्रीला पाप, तो ग्रंथ. रमाबाई बिचकल्या, पण शेवटी त्यांनी तो वाचला.

याच कलकत्त्यात त्यांची ख्रिस्ती लोकांशी पहिली गाठ पडली. एका मेळाव्यात लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. हे खुर्च्यांची पूजा करतात असाच रमाबाईंचा समज झाला. त्यांना संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट मिळाले. त्यांनी ते उघडले, आणि भाषा इतकी परकी वाटली की वाचणे व्यर्थ ठरवून बाजूला ठेवले. भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला ही ओळ वाचून झोप येऊ नये. त्या काळी संस्कृत जाणणारी तिच्यासारखी वाचक सबंध देशात विरळा, तिच्या हाती संस्कृत बायबल पडते आणि ते तिला बोलत नाही. पुढच्या वेळी ते बोलले ते साध्या बंगालीतून.

बंधू १८८० साली ढाक्याला वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्राह्मण मुलीने शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील वर स्वतः निवडावा, याहून मोठा आघात त्या समाजाला दुसरा नव्हता. आसामातील सिल्चर येथे पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. त्यांनी ती वाचली, मग आणखी विचारावे म्हणून एका बाप्तिस्त मिशनऱ्यांना घरी बोलावले. पतीला ते रुचले नाही, आणि विषय तेथेच थांबला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या वयात घरातील चौघांपाठोपाठ पतीही गेला होता.

पुण्यास आल्यावरचे वर्ष धावपळीचे होते. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष. स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी सरकारच्या कानावर घातले. स्वतः डॉक्टर व्हावे असे मनात होते. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या भगिनींशी ओळख झाली, त्यांच्याकडे नवा करार वाचणे सुरू झाले. नीलकंठशास्त्री म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांच्याशी चर्चा झाल्या. काशीचा हा प्रकांड पंडित रमाबाईंना पुरावा म्हणजे काय ते जाणणारा भेटला, आणि त्याच्या लेखनाचा प्रभाव त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केला आहे. स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला, आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे त्यांना ख्रिस्ताकडे नेले ते कोणा वक्त्याने नव्हे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पाठवले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे एक आश्रयगृह होते, आणि भगिनी त्यांची सेवा करीत होत्या. ज्या स्त्रियांना धर्मशास्त्राने कुत्र्यांपुढे टाकावे असे ऐकलेले, त्यांना येथे कोणी हात धरून उठवीत आहे, हे रमाबाईंनी पाहिले. असे का करता, हे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचायला मिळाला. विहिरीकाठची शोमरोनी स्त्री, आणि तिच्याशी धर्मातील सर्वांत गहन गोष्ट बोलणारा प्रभू. त्या स्त्रीनेही येशूला प्रश्नच विचारले होते, आणि येशूने तिला गप्प केले नव्हते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या बहुतेक चरित्रांत येथे दिवे लागतात आणि गोष्ट पुढे केडगावला जाते. वास्तवात खरा झगडा येथून सुरू झाला.

कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. आजीबाईंची अपेक्षा होती की नव्या विश्वासणाऱ्या मुलीने मंडळीची शिकवण नम्रपणे स्वीकारावी, समज मागाहून येईल. रमाबाईंचा स्वभाव उलट दिशेचा. त्रैक्याचा सिद्धांत पवित्र शास्त्रात कोठे व कोणत्या शब्दांत आहे, हे त्या विचारू लागल्या. अथनाशियसच्या मतांगिकारात, हे न मानणाऱ्याचा नाश होईल असे जे म्हटले आहे, ते म्हणण्याचा अधिकार कोणी दिला, असे विचारू लागल्या. कुमारीच्या उदरी झालेल्या जन्माविषयीही त्यांना शंका होत्या. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत बाप्तिस्मा घेतला आहे, एखाद्या पंथाच्या सर्व मतांखाली सही केलेली नाही, ही त्यांची भूमिका होती.

वाद केवळ सिद्धांतांचा नव्हता. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या देशात ज्या भाषेचा गंध कोणाला नाही तिच्यात संस्कृताहून पवित्र असे काय आहे, असे त्यांनी विचारले. त्या मांसाहार करीत नसत, आणि ख्रिस्ती झाल्याने ताटातील पदार्थ बदलले पाहिजेत हे त्यांना मान्य नव्हते. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, कारण अशाने त्यांची मायदेशातील प्रतिमा बिघडेल. जिने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली, तिला हे ऐकून हसावे की रडावे कळले नसेल. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली ती दुसऱ्या जोखडात देण्यासाठी नव्हे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरूनही खटके उडाले. आपण स्वतः जे अद्याप मानत नाही ते आपल्या मुलीला पाठ करायला लावू नये, एवढे मागणेसुद्धा मठाला उद्धटपणाचे वाटले.

सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. त्यांच्यावर फार रागावू नये. त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे जिला जपले ती हातून निसटते आहे, या भीतीने त्या लिहीत होत्या, आणि पुढे हीच पत्रे त्यांनीच जपली व संकलित केली. आपल्या बाजूला कमीपणा आणणारी पत्रेही त्यांनी फाडली नाहीत. महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांची रीत निराळी होती. त्या प्रश्नाला उत्तर देत, पुस्तक सुचवीत, वाट पाहत. असे मन हुकमाने वळत नाही, ते पटवावे लागते, हे त्यांना उमगले होते. मला स्वतःला वाटते, रमाबाई मंडळीत टिकल्या त्यात बीलबाईंच्या धीराचा वाटा मोठा आहे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीत बायबल वर्गाला बसलो असताना एका तरुणाने विचारले की मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळी आणि लूकच्या तिसऱ्या अध्यायातील वंशावळी यांत येशूच्या आजोबांचे नाव वेगळे कसे. प्रश्न रास्त होता, दीड हजार वर्षांपूर्वीच्या मंडळीपित्यांनीही तो विचारात घेतला आहे. त्याला उत्तर मिळाले की अधिक प्रार्थना कर. वर्गात हशा पिकला. मी पाहुणा होतो, उत्तर मला ठाऊक होते, आणि यजमानांचा मान राखायचा म्हणून मी गप्प बसलो. तो तरुण पुढील दोन दिवस वर्गाला आला नाही. आपण संख्येने थोडे, गावोगाव विखुरलेले. इंदूरची मराठी मंडळी काय, हैदराबादची काय, एकमेकांना धरून राहण्याची आपली गरज खरी आहे. त्या गरजेपोटीच प्रश्न आपल्याला फुटीसारखा वाटतो. परंतु बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणे शास्त्र उघडून रोज तपासले, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने त्याबद्दल त्यांना नावाजले, दोष दिला नाही.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचे. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला पाठबळ देणारी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

शारदा सदनात धर्मप्रचार करायचा नाही असे ठरले होते, आणि मुलींना आपापले सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. यावर मिशनरी रुष्ट झाले, ही कसली ख्रिस्ती स्त्री जी ख्रिस्ताचे नाव घेत नाही. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. ज्यांना यावेसे वाटे त्या मुली येऊन बसत. यावर पुण्याचे सनातनी रुष्ट झाले, हे तर कपटाने बाटवणे. केसरीने झोड उठवली. १८९३ साली वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनीही सल्लागारपद सोडले. दार लावून घेतले असते तर बहुधा सर्व निभावले असते. रमाबाईंनी कोणाला आत ओढले नाही आणि दारही लावले नाही. जी मोकळीक त्यांनी वाँटेजला मागितली होती तीच त्या मुलींना देत होत्या, आणि ती स्वतःसाठीही ठेवीत होत्या. या एका मुद्द्यावर त्यांनी दोन्हीकडची माणसे गमावली.

याच सुमारास, १८९१ च्या आसपास, त्यांच्या आत काही निराळे घडले. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्या वाचत होत्या. पुष्कळ वर्षे धर्मसेवा केल्यावर आपल्याला ख्रिस्त प्रत्यक्ष भेटलाच नव्हता, असे त्याच्या ध्यानात आले होते. रमाबाईंना स्वतःची ओळख पटली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी नंतर लिहिले. काही मंडळी यावरून असा अर्थ काढतात की बुद्धीचा मार्ग त्यांनी अखेर सोडला. मला ते पटत नाही. विद्येने त्यांना जेथवर आणले तेथे विद्येची सीमा त्यांना दिसली, आणि तीही त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः पाहून मान्य केली. यानंतरची तीस वर्षे त्यांनी काय शिकण्यात घालवली ते पाहिले म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

मुक्तीची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात उरकतो. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली व विधवा केडगावला आल्या. विणकाम, शेती, छापखाना, अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपी, सारे तेथे उभे राहिले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या मुलींची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड लिहिले, आणि मुंबईच्या गव्हर्नरांचा रोष ओढवून घेतला. १९०५ च्या संजीवनात स्त्रिया मोठ्याने रडत, एकत्र प्रार्थना करीत, तेव्हा काही पाश्चात्त्य पाहुण्यांना ते शिस्तीला सोडून वाटले. पवित्र आत्मा हिंदी स्त्रियांशी हिंदी रीतीने वागत असेल तर युरोपच्या शिष्टाचाराने त्याला अडवू नये, असा रमाबाईंचा पवित्रा होता.

आता भाषांतराकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा गाभा तेथे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हजारो पोटांची काळजी वाहत असताना, रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकायला घेतले. मराठी पवित्र शास्त्र तेव्हा उपलब्ध होते. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी काम सुरू केल्याला शतक होत आले होते आणि बायबल सोसायटीचे मराठी भाषांतर मंडळ्यांत रुळले होते. मग नव्याने कशाला? रमाबाईंचे म्हणणे असे की ते शास्त्र्यांच्या मराठीत आहे. मुक्तीतल्या खेड्यातून आलेल्या बायकांना ते कळत नाही. दुसरे, त्यातील कित्येक संस्कृत शब्द जुन्या धर्मकल्पनांचे ओझे बरोबर घेऊन येतात, आणि वाचणारीला नवा अर्थ मिळण्याऐवजी जुनाच मिळतो. कलकत्त्यात त्यांनी स्वतः संस्कृत बायबल मिटून ठेवले होते, हे विसरू नये. ज्या स्त्रीला भागवत मुखोद्गत होते तिने संस्कृतप्रचुर मराठी टाळायचे ठरवले, हे अडाणीपणातून आलेले नव्हते.

शब्दांचे ओझे म्हणजे काय, ते या कामात पडलेल्याला रोज भेटते. मोक्ष म्हटले की जन्ममरणाचा फेरा आलाच, म्हणून मराठी बायबलने तारण हा शब्द धरला. अवतार म्हटले की दहांपैकी एक, पुन्हा येणारा व पुन्हा जाणारा, म्हणून तोही टाळावा लागतो. आज आम्ही हे समितीत बसून ठरवतो. एक मसुदा करतो, दुसरा तपासतो, मूळ भाषांचा जाणकार सल्ला देतो, मग मजकूर गावात वाचून दाखवतात आणि समजला का ते विचारतात. तरीही एका शब्दावर दोन दिवस जातात. रमाबाईंच्या मागे असे कोणते मंडळ नव्हते. कोश समोर, कान बहिरे, आणि रात्रीचे तास. आपल्या बायकांना मूळ भाषेपर्यंत पोहोचता यावे म्हणून त्यांनी इब्री भाषेचे व्याकरण मराठीत तयार केले. मराठी स्त्रीने इब्री का शिकू नये, असे विचारणारी दुसरी व्यक्ती त्या काळी कोण होती, मला आठवत नाही.

त्यांचे भाषांतर मी कामानिमित्त अनेकदा उघडतो. खरे सांगायचे तर ते सर्वत्र सुबोध झालेले नाही. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहात मराठी वाक्य काही ठिकाणी आखडते, आणि साध्या बाईसाठी म्हणून केलेले वाक्य तिलाच अडते. शब्दांच्या शुद्धीबाबतही मी पूर्णपणे त्यांच्या पक्षाचा नाही. शब्द वापराने बदलतात, जुन्या घागरीत नवे पाणी भरता येते. त्यांनी स्वतः आपल्या घराला दिलेले नाव तरी काय होते? मुक्ती हा शब्द उपनिषदांच्या परंपरेतलाच. त्याला त्यांनी ख्रिस्ताचा अर्थ दिला आणि तो इतका पक्का बसला की आज मराठी ख्रिस्ती मनुष्याला तो ऐकून केडगाव आठवते. मंडळ्यांनी त्यांचे भाषांतर उपासनेत फारसे स्वीकारले नाही, बायबल सोसायटीचेच चालू राहिले. हे त्यांच्याविषयी बोलताना आपण सहसा सांगत नाही. सांगावे, असे मला वाटते. बाईंना स्तुतीपेक्षा तपासणी अधिक आवडली असती.

नवा करार १९१२ साली निघाला. पुढे जुना करार चालू राहिला, पान पान करून. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वारस म्हणून जिला वाढवले ती चाळिशीत गेली, आणि आई पुन्हा मुद्रिते तपासायला बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. शेवटची मुद्रिते पाहून होईपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली होती आणि ती पुरी झाली, असे केडगावला सांगतात.

ज्या इंग्लंडच्या मंडळीच्या बिशपांशी व भगिनींशी त्यांनी तरुणपणी इतका वाद घातला, त्या मंडळीच्या उपासना-दिनदर्शिकेत आता ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी राखलेला आहे. तेथे त्यांची ओळख पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून दिली आहे.

संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी जुळवले, फर्मे त्यांनीच छापले, पुस्तके त्यांनीच बांधली. त्यांतील कित्येकींना दुष्काळाच्या वर्षी केडगाव स्टेशनवर उतरवून घेतले, तेव्हा त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.